रॅम्प झाला, पुढे काय?

नाट्यगृहाच्या दारात रॅम्प बांधला की काम संपलं, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. त्या रॅम्पचंही एक गणित आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. जागा वाचवायला उभा उतार केला, तर व्हीलचेअर ढकलणाराही थकतो. आत आल्यावर रांगेत खुर्चीला जागा नसली, की रसिक भिंतीकडेला आणि घरची मंडळी चार रांगा पुढे. स्वच्छतागृहाचं दार अरुंद असेल, तर मध्यंतरात चहा घ्यायचीही चोरी.

आणि ज्याला पायऱ्यांची अडचणच नाही, त्याचं काय? अंध प्रेक्षकाला संवाद ऐकू येतात. पण मधल्या शांततेत नायिकेनं पत्र फाडलं, हे त्याला कोण सांगणार? त्यासाठी ध्वनिवर्णन असतं. दोन संवादांमधल्या मोकळ्या जागेत निवेदक मोजक्या शब्दांत दृश्य सांगतो. चित्रपटगृहात मोबाइलमधलं ॲप पडद्यावरच्या चित्रपटाचा आवाज ओळखतं आणि नेमक्या जागेपासून निवेदन हेडफोनमध्ये सुरू करतं. शेजाऱ्याला त्रास नाही, चित्रपटगृहाला वेगळं यंत्र नको. निर्मात्यानं मात्र ते निवेदन तयार करायला हवं. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं मार्च २०२४मध्ये अंध आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी अशा सोयींची मार्गदर्शक तत्त्वं काढली. एकाहून अधिक भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची मुदत दिली होती, बाकीच्यांना दोन वर्षांची. आपले बहुतेक मराठी चित्रपट या दुसऱ्या गटातले. मुदतीकडे बोट दाखवत मराठी निर्मात्यांनी थांबून राहणं मला कधीच पटलं नाही.

नाटकाचं वेगळं. प्रत्येक प्रयोग थोडा बदलतो, त्यामुळे निवेदन तिथेच, त्याच वेळी करावं लागतं. ब्रिटनमधली काही नाट्यगृहं प्रयोगाआधी अंध प्रेक्षकांना रंगमंचावर नेऊन नेपथ्य आणि वेशभूषा हातानं पाहू देतात. ‘मानापमान’च्या प्रयोगाआधी नायिका भामिनीच्या शालूचे काठ कुणाच्या बोटांखालून गेले, तर पडदा उघडल्यावर ती भामिनी त्याच्यासाठी केवळ आवाज राहणार नाही. याला खर्च तो किती?

दिव्यांग माणूस फक्त प्रेक्षक असतो, हाही आपला एक ग्रह. दिग्दर्शक स्वागत थोरात यांनी पुण्यातल्या ८८ अंध विद्यार्थ्यांना घेऊन ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’ हे नाटक उभं केलं होतं. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेनं एका उमेदवाराला रंगांधळेपणामुळे संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारल्याचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२२मध्ये न्यायालयानं रंगांधळ्यांसाठी सगळे अभ्यासक्रम खुले करायला सांगितलं. चित्रपट ही अनेकांनी मिळून घडवायची कला आहे. रंगसंस्काराच्या (कलर ग्रेडिंगच्या) कामात सहकाऱ्याची मदत घेता येते, हा त्यामागचा विचार.

म्हणूनच रॅम्प प्रेक्षागृहाशी संपता कामा नये. तो विंगेत, मेकअप रूमपर्यंत, रंगमंचापर्यंत पोहोचला पाहिजे. २६ जून १९६८ रोजी सुरू झालेल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासावर पुण्यात भरपूर वाद झाला. पाडायचं की राखायचं, यावर सगळे बोलले. जे काही ठरेल, त्याचा नकाशा मंजूर होण्याआधी महापालिकेनं व्हीलचेअरवरचे नट, अंध रसिक, कर्णबधिर मुलांचे शिक्षक यांना वास्तुरचनाकारासमोर बसवावं आणि त्यांनी सांगितलेले बदल त्या नकाशातच करून घ्यावेत.