पॉइंट टू-टू म्हणजे खेळणं नव्हे

पिस्तूल नेमबाजी शिकायला येणाऱ्यांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या वडिलांकडून, एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पॉइंट टू-टू काय, ते पोरासोरांचं. शिकायचं तर नाइन एमएम नाहीतर फॉर्टी-फाइव्हवर शिकवा.’ बोअर मोठा तितकं पिस्तूल चांगलं, हा समज सिनेमाने आपल्याकडे इतका पक्का करून ठेवला आहे की दर नव्या तुकडीला तेच पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं.

आधी खेळाचं बघू. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाली होती. निकाल शूट-ऑफमध्ये लागला. विजय कुमारने २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकला रौप्य मिळवलं ते २५ मीटर रॅपिड फायरमध्ये. दोन्ही प्रकारांत पिस्तूल .२२ चंच लागतं, नियमच तसा आहे. राहीच्या प्रकारातल्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य फक्त तीन सेकंद समोर असतं आणि मग सात सेकंद नसतं. तेवढ्यात खाली धरलेला हात वर आणायचा, साइट जुळवायची आणि एक बार सोडायचा. हे पोरासोरांचं काम असेल तर करून दाखवावं.

आता नवशिक्याचं. .२२ ची गोळी साधारण अडीच ग्रॅमची, ९ मिमीची साडेसात-आठ ग्रॅमची आणि .४५ ची पंधरा ग्रॅमच्या आसपास. सारख्याच वजनाच्या पिस्तुलातून ९ मिमी मारली तर हाताला बसणारा धक्का .२२ च्या तिपटीहून जास्त, .४५ चा चार-पाच पट. पण खरं नुकसान धक्क्याने होत नाही, कारण तो जाणवेपर्यंत गोळी नळीतून निघून गेलेली असते. नुकसान होतं ते धक्क्याच्या धास्तीने. बार उडायच्या क्षणभर आधी मूठ आवळली जाते, मनगट खाली दबतं, डोळे मिटतात. उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी मग खाली-डावीकडे जाते. हे पटत नसेल तर त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये एक डमी काडतूस मिसळावं. त्याची पाळी आली की नुसतं ‘टक्’ वाजतं, धक्का काहीच नसतो, आणि तरीही नळीचं तोंड सपकन खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं. ही खोड एकदा जडली की सोडवायला फार वेळ लागतो. मोठ्या कॅलिबरवर सुरुवात करणाऱ्याला ती लवकर जडते.

यावर ठरलेला प्रश्न येतो: ‘मग अमेरिकेतले पोलीस मोठी पिस्तुलं का वापरतात?’ त्यांचाच इतिहास बघावा. १९८६ मध्ये मायामीच्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. ९ मिमीची एक गोळी हल्लेखोराच्या छातीत शिरूनही हृदयापर्यंत पोचली नव्हती. खापर कॅलिबरवर फुटलं. एफबीआय आधी १० मिमीकडे वळली, त्याचा झटका अनेकांना झेपेना म्हणून पुढे .४० कडे. २०१४ मध्ये तिच्याच प्रशिक्षण विभागाने लेखी कबूल केलं की आधुनिक गोळ्या वापरल्यावर या कॅलिबरांच्या परिणामात फारसा फरक उरत नाही आणि बहुतेक माणसं ९ मिमीने जास्त वेगाने, जास्त अचूक मारतात. चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतात, हेही त्याच टिपणात आहे. पुढे एफबीआय ९ मिमीवर परत आली. ज्यांचा जीव पिस्तुलावर अवलंबून आहे ते लहान कॅलिबरकडे उतरले, आणि कागदाच्या लक्ष्यावर शिकणाऱ्याला मात्र .४५ हवं, याला काय म्हणावं?

शिवाय आपल्याकडे ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर आहे. साध्या शस्त्रपरवान्यावर ते पिस्तूल मिळत नाही. सुरुवात क्लबच्या ४.५ मिमी एअर पिस्तुलावर करावी, मग क्लबच्याच .२२ वर. पहिल्या दिवशी स्वतःचं शस्त्र लागत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ट्रिगर दाबून धरला की धडाधड गोळ्या सुटतात, हे चूक. एकदा दाबला की एकच गोळी, पुढचीसाठी ट्रिगर सोडून पुन्हा दाबावा लागतो. लहान, हलकं पिस्तूल नवख्याला सोपं, हेही उलटं आहे: वजन कमी तितका झटका जास्त आणि दोन साइटमधलं अंतर कमी असल्याने नेम चुकायला वाव मोठा. पिस्तूल निवडताना ते मुठीत धरावं आणि पकड न सरकवता तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ बसतं का ते पाहावं. कॅटलॉगपेक्षा त्यावरून जास्त कळतं. पिस्तूल सारखं अडकतं म्हणून ते खराब, असंही नाही. मनगट सैल असलं तरी स्लाइड पुरती मागे जात नाही.

.२२ ने कुणाला काही होत नाही, हा समज मात्र जिवावर बेतणारा आहे. तिच्या काडतुसांच्या डब्यांवर एक मैलापर्यंत, म्हणजे दीड किलोमीटरहून लांब, धोका असल्याची सूचना असते ती उगाच नाही. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, हा त्याचाच भाऊ. चेंबरमध्ये एक गोळी राहिलेली असू शकते. नळी लक्ष्याच्या दिशेला आणि बोट ट्रिगरबाहेर ठेवून आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा आणि प्रशिक्षकालाही दाखवा. पिस्तूल दुसऱ्याच्या हातात द्यायचं असेल तेव्हा तर दर वेळी.