कानपुरात तात्या टोपेंसमोर जहाजावरचे खलाशी कुठून आले?

कानपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही 6 डिसेंबर 1857 रोजी तात्या टोपेंच्या फौजेवर चक्क युद्धनौकेवरच्या खलाशांनी तोफा डागल्या.

झालं असं, की 'शॅनन' ही ब्रिटिश युद्धनौका निघाली होती चीनच्या युद्धासाठी. उठावाची बातमी कळली आणि ती हाँगकाँगहून कलकत्त्याला आली. बंगाल लष्करातले अनेक हिंदी गोलंदाज उठावात गेले होते, त्यामुळे जड तोफा चालवणारे हात इंग्रजांना हवेच होते. कॅप्टन विल्यम पीलने तोफा आणि खलाशी उतरवले. गंगेतून अलाहाबाद, पुढे रस्त्याने बैल जुंपून.

येवल्याचे तात्या तेव्हा जोरात होते. नोव्हेंबरअखेर जनरल विंडहॅमला मागे रेटून त्यांनी कानपूर शहर घेतलं होतं.

24 पौंडी तोफ म्हणजे सुमारे 11 किलोचा गोळा. एरवी असं धूड मागे एका जागी ठेवून भिंती फोडायला वापरत. कालव्याच्या पुलाशी इंग्रजांचं पायदळ अडलं, तेव्हा खलाशांनी ही तोफ हातांनी ओढत थेट पुलावर आणली. लढाईत पुढे धावणारी 24 पौंडी! संध्याकाळपर्यंत ग्वाल्हेरची पलटण काल्पीच्या वाटेला लागली होती आणि कानपूर तात्यांच्या हातून गेलं.

पील एप्रिल 1858 मध्ये कानपुरातच देवीच्या रोगाने गेला. तात्या मात्र पुढे वर्षभर लढत राहिले, तेही सतत जागा बदलत. त्या वेगापुढे बैलांनी ओढायच्या तोफा काय कामाच्या?