हरवलेले शब्द : औषध आणि वाचोपचार

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या मनुष्यास तहान लागल्याचे कळते, समोरचा पेलाही तो ओळखतो; परंतु ‘पाणी’ हा शब्द काही केल्या त्याच्या ओठांवर येत नाही. त्याची बुद्धीच गेली, असे घरच्या मंडळींस वाटते. वस्तुतः तसे नसते. बहुतेक माणसांत भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या अर्धगोलात असतात. तेथील रक्तपुरवठा खंडित झाला म्हणजे भाषेवरील ताबा सुटतो. या विकारास वाचाघात म्हणतात.

गेलेली भाषा परत मिळविण्याचा मुख्य मार्ग सराव हाच होय. बचावलेल्या मज्जापेशी परस्परांशी नवे संबंध जोडू शकतात; मात्र वापरावाचून ते दृढ होत नाहीत. चित्र पाहून नाव सांगणे, अपुरे वाक्य पुरे करणे, असा नियमित अभ्यास तज्ज्ञ करवून घेतो. त्यासच वाचोपचार म्हणतात. झटक्यास सहा महिने उलटून गेलेल्या रुग्णांनाही आठवड्यास किमान दहा तासांच्या अशा उपचाराने तीन आठवड्यांत लाभ झाल्याचे जर्मनीतील प्रयोगात २०१७ साली दिसून आले.

मग औषध कशासाठी? मज्जापेशी एकमेकींस संदेश पोहोचवितात ते रासायनिक द्रव्यांच्या द्वारे. त्या द्रव्यांचे कार्य औषधाने बदलल्यास सरावाचा ठसा मेंदूवर अधिक खोल उमटेल, अशी ही कल्पना आहे. अमेरिकेत २१ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यात वाचोपचारापूर्वी अर्धा तास काहींना डेक्स्ट्रोॲम्फेटामिन व इतरांना औषधविरहित गोळी देण्यात आली. औषध घेतलेल्यांची प्रगती प्रथम अधिक झाली. सहा महिन्यांनी मात्र हा फरक निर्णायक राहिला नाही. स्पेनमधील २००९ च्या प्रयोगात २८ रुग्ण होते. तेथे मेमँटिन या औषधाने एकट्यानेही काही लाभ झाला. परंतु त्यास कसून सरावाची जोड मिळाली तेव्हा तो सर्वाधिक ठरला.

हे प्रयोग लहान आहेत. वाचाघातावरील सर्वमान्य औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. शिवाय डेक्स्ट्रोॲम्फेटामिनसारख्या औषधाने रक्तदाब वाढू शकतो. म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून असे औषध कदापि घेऊ नये. शेतास खत घातले तरी पेरणीवाचून पीक येत नाही. रुग्णाशी त्याच्या स्वतःच्या भाषेत, सावकाश व लहान वाक्यांत बोलावे, आणि त्यास शब्द सापडेपर्यंत धीराने थांबावे. ही पेरणी घरातील प्रत्येकास करता येण्याजोगी आहे.