डबक्यांतील उलटा पोहणारा

समुद्र आमच्या मोर्शीपासून फार दूर. झिंगा आम्हांस ठाऊक तो बाजारांतला, वाळलेला. त्याचा एक दूरचा आप्त मात्र पावसाच्या डबक्यांत राहतो. या आप्ताची एक नवी जात २०१४ सालीं शास्त्रास ज्ञात झाली. रॉजर्स व पाध्ये या संशोधकांनीं सह्याद्रीवरून तिचें नांव ‘स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस’ असें ठेविलें.

या कुळांतील प्राणी बोटाच्या पेराएवढा. अंगावर कवच नाहीं, डोळे देठांवर, पायांच्या ११ जोड्या. आणि पोहतो तो पाठ खालीं करून! जात ओळखावयाची ती मुख्यतः नराच्या दुसऱ्या स्पर्शिकेवरून. मादीस धरण्यासाठीं ती पंजासारखी बनलेली असते; तिला चक्क ‘अंगठा’ व ‘बोट’ असतें, आणि त्यांची ठेवण जातीजातींत निराळी.

डबकें आटलें कीं प्राणी मरतो. त्याचीं अंडीं मात्र वाळल्या चिखलांत वर्षानुवर्षें जिवंत राहतात. पाऊस पडतांच तीं फुटतात, पण सगळीं एकदम नव्हेत. कांहीं पुढल्या पावसासाठीं मागें राहतात. आमचा शेतकरीही सारें बियाणें पहिल्याच पावसावर टाकीत नाहीं.

घोटाळा होतो तो उन्हाळ्यांत. तेव्हां तें डबकें नुसता खळगा दिसतें. कोणीं तेथील माती उचलून नेली, तर पुढल्या पिढ्याही तिच्याबरोबर जातात, आणि मेलेला प्राणी एकही दिसत नाहीं.

शिक्षक असतांना मींही मुलांकडून डबकीं बुजवून घेतलीं आहेत. घराजवळचीं, डासांचीं डबकीं अवश्य बुजवावीं; मी बोलतों तें डोंगरमाथ्यावरील खळग्यांविषयीं.