छोट्या चौकटीतला मोर

शेवगावच्या एसटी स्टँडवर उतरून बाजारपेठेकडे निघालात, की एक गंमत करून बघा. दुकानांच्या पाट्या वाचायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या! अक्षर न वाचताही तुम्हाला पेट्रोल पंप कोणत्या कंपनीचा ते कळतं. बँक कोणती तेही कळतं. बिस्किटाचा पुडा तर लांबूनच ओळखता, हो की नाही?

ही किमया बोधचिन्हाची, म्हणजे लोगोची. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तर चिन्ह हीच पाटी. म्हणून तर १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांसाठी चित्रं ठरवली गेली. तेव्हा काँग्रेसचं चिन्ह होतं बैलजोडी. अक्षरओळख नसलेला शेतकरीसुद्धा बैलजोडी चुकेल का?

पण मित्रांनो, पाटीवर शोभणारं चिन्ह मोबाइलच्या पडद्यावर आलं की मोठी पंचाईत होते. कशी ते पाहू या.

आजोबांची अट

समजा, शेवगावात एक जुनं कापडाचं दुकान आहे. पाटीवर मोठा थोरला मोर. पेंटरनं हातानं रंगवलेला. पिसाऱ्यात २१ पिसं, प्रत्येक पिसावर डोळा. भोवती गोल नक्षी आणि नक्षीत वळणदार अक्षरांत दुकानाचं नाव. खेड्यापाड्यांतून येणारी माणसं नाव विसरतात, पण "मोराच्या दुकानात जाऊ" असं हमखास म्हणतात.

आता नात म्हणते, "आजोबा, आपल्या दुकानाची वेबसाइट काढू या."

आजोबा म्हणतात, "काढ की! पण मोर राहिला पाहिजे बरं का."

नातीनं लगेच पाटीचा फोटो काढला आणि वेबसाइटवर चिकटवला. झालं काय? मोबाइलवर मोर दिसेना! दिसला तो निळा-हिरवा बोळा.

असं का झालं? मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा बारीक ठिपक्यांनी भरलेला असतो. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक वेबसाइटला एक चिमुकलं चिन्ह लागतं, जे पडद्यावर सगळ्यात वर, वेबसाइटच्या नावाशेजारी दिसतं. त्याचं सर्वात लहान नेहमीचं माप आहे १६ ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच. करा गुणाकार. १६ × १६ = २५६. एवढ्या ठिपक्यांत अख्खा मोर बसवायचा! पिसं २१ आणि एका ओळीत ठिपके १६. एका पिसाला एक ठिपकासुद्धा येत नाही. मग डोळे कुठे काढणार आणि नक्षी कुठे?

पैठणीला विचारा

शेवगावहून गोदावरी ओलांडून पलीकडे गेलं की पैठण लागतं. पैठणीच्या पदरावरचा मोर तुम्ही पाहिला असेल. तो रंगवलेला नसतो, विणलेला असतो. उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांना जिथे छेदतात, तिथे एकेक रंगाचा ठिपका तयार होतो. विणकर हे धागे मोजून मोजून मोर उभा करतो. म्हणजे पिक्सेलचंच काम की हे! फरक एवढाच, की तिथे ठिपका रेशमाचा आणि इथे प्रकाशाचा.

विणकराला खऱ्या मोराचं प्रत्येक पीस विणता येत नाही. मग तो काय करतो? लांब मान, डोक्यावरचा तुरा आणि पिसाऱ्याचा घेर एवढं पकडतो. बाकीचं सोडून देतो. तरी आजी पदर बघून म्हणतेच ना, "अगंबाई, मोर!"

लोगोचंही अगदी तसंच आहे. काय काढून टाकलं तरी मोर मोरच राहतो, आणि काय काढलं की त्याची कोंबडी होते, हे शोधायचं असतं.

फेकून द्यावं का?

कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? जुना मोर टाकून द्या आणि नवीन फॅशनचं चिन्ह करून घ्या.

थांबा! अमेरिकेत गॅप नावाची कपड्यांची मोठी कंपनी आहे. तिनं ऑक्टोबर २०१० मध्ये आपलं वर्षानुवर्षांचं चिन्ह एकदम बदललं. गिऱ्हाइकांना ते मुळीच आवडलं नाही. त्यांनी इतकी नाराजी दाखवली, की साधारण आठवडाभरातच कंपनीला जुनं चिन्ह परत आणावं लागलं.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. स्टेट बँक ऑफ इंडियाचं निळं गोल चिन्ह १९७१ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी केलं. निळं वर्तुळ, मधोमध गोल भोक आणि त्याखाली फट. जणू कुलपातलं किल्लीचं भोक! २०१७ साली या बँकेत तिच्या पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक विलीन झाल्या. त्याच वेळी बँकेनं आपलं रूपही ताजं केलं. लांबलचक नावाऐवजी एसबीआय ही तीन अक्षरं पुढे आणली. पण निळं गोल तसंच ठेवलं. अंगरखा नवा, चेहरा तोच. शिवाय हे चिन्ह इतकं साधं आहे, की १६ ठिपक्यांतही ओळखू येतं. १९७१ साली मोबाइल कुठे होता? पण साधेपणा पुढे असा कामी आला.

वेलांटी घसरली!

चित्राचं झालं, आता अक्षरांचं बघू. आपल्या देवनागरीला शिरोरेषा आहे. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. रोमन अक्षरांपेक्षा आपल्या अक्षरांना वर-खाली जास्त जागा लागते. लहान चौकटीत कोंबलं की आधी अनुस्वार गडप होतो, मग मात्रा. 'मो'चा 'मा' व्हायला वेळ लागत नाही!

या बाबतीत एक मजेदार खरी गोष्ट सांगतो. विकिपीडिया तुम्हाला माहीत आहेच. त्याचं चिन्ह म्हणजे कोड्याच्या तुकड्यांचा गोल. तुकड्यांवर जगातल्या निरनिराळ्या लिपींतली अक्षरं आहेत. २००३ साली या गोलाची मूळ कल्पना पॉल स्टॅन्सिफर या अवघ्या १७ वर्षांच्या मुलानं चित्रात उतरवली. या गोलावर देवनागरीचाही एक तुकडा आहे. त्यावर हवं होतं 'वि'. पण ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी पडली!

का पडली? आपण 'वि' म्हणताना आधी 'व' उच्चारतो आणि मग 'इ'. संगणकही आधी 'व' साठवतो आणि मग वेलांटी. पण कागदावर वेलांटी 'व'च्या आधी काढतात. म्हणजे दाखवताना तिला उचलून पुढे आणायला हवं. संगणकाला हे शिकवलेलं नसेल तर वेलांटी मागेच राहते. ही चूक त्या गोलावर कित्येक वर्षं तशीच राहिली आणि जगभर दिसत होती. २०१० साली गोल नव्यानं तयार केला, तेव्हा ती दुरुस्त झाली.

म्हणून नातीनं एक नियम पक्का करावा. जागा लहान असेल तर नाव कोंबायचं नाही. फक्त मोर ठेवायचा. आणि मोठ्या जागेत नाव लिहिलं, तर काना-मात्रेसकट शुद्ध लिहायचं. आपलं नाव चुकीचं लिहिलेलं आपल्याला तरी आवडतं का?

कंपासपेटीतलं गुपित

आता शेवटची अडचण. छोटा फोटो ताणून मोठा केला तर कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. आलेख कागदावर चौकोन भरून काढलेलं चित्र मोठं केल्यावर होतं तसं. यावर तोडगा भूमितीत आहे!

"या बिंदूवर कर्कटक ठेव, एवढी त्रिज्या घे, वर्तुळ काढ" अशी सूचना मी तुम्हाला दिली, तर तुम्ही वर्तुळ वहीवर काढाल किंवा मैदानावर फक्कीनं काढाल. दोन्ही वेळा ते गोलच येईल. चित्र ठिपक्यांऐवजी अशा सूचनांनी लिहिलं तर त्याला व्हेक्टर म्हणतात. ते नखाएवढं करा नाहीतर भिंतीएवढं. कडा फाटत नाहीत.

दुसरा फायदा वजनाचा. २०१५ साली गुगलनं आपली अक्षरं साधी केली. नव्या अक्षरांची एक रंगीत आवृत्ती फक्त ३०५ बाइट्सची होती. आधीचं चिन्ह सुमारे १४,००० बाइट्सचं होतं. चाळीस पटींहून जास्त हलकं! शेतात उभं असताना मोबाइलला रेंज जेमतेम असते, तेव्हा हलकं चिन्ह झटकन उमटतं. जड चिन्ह मात्र गोल गोल फिरत बसतं.

रंगाचंही तसंच. ऑइलपेंटचा पिवळा पत्र्यावर छान दिसतो. पण पडद्यावर पांढऱ्यावर पिवळा ठेवला, तर भर उन्हात काहीच दिसत नाही. म्हणून मूळ रंग तोच ठेवून थोडा गडद करावा लागतो.

आणि हो, इंटरनेटवरून दुसऱ्याचा तयार मोर उचलायचा नाही. दुसऱ्याचं चिन्ह आपलं म्हणून वापरणं कायद्यानंही चूक आहे. आपल्या पेंटरच्या हातचा मोर आपल्याकडे असताना तो उसना कशाला?

करून पहा

आलेख कागदावर १६ बाय १६ चौकोन आखा. तुमच्या शाळेचं किंवा घरच्या दुकानाचं चिन्ह त्यात बसवा. चौकोन पूर्ण रंगवायचा किंवा रिकामा ठेवायचा. अर्धामुर्धा चालणार नाही! रंग दोनच घ्या. आधी ठरवा, काय ठेवायचं आणि काय सोडायचं. आई-बाबांनाही एक कागद द्या. त्यांचं चित्र तुमच्यापेक्षा वेगळं येईल, मग वाद घाला!

चित्र झालं की भिंतीला लावा, आणि आजी-आजोबांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करून विचारा, "हे काय आहे?" त्यांनी पहिल्याच फटक्यात ओळखलं, तर तुम्ही पास.

आणि नाही ओळखलं तर? खोडरबर घ्या आणि पुन्हा बसा. बहुतेक वेळा काहीतरी घालायचं राहिलेलं नसतं, काहीतरी काढायचं राहिलेलं असतं.