चरबीचा निरोप दाताच्या मुळापर्यंत

दातांना तार लावायची म्हटली की वस्तीत दोनच प्रश्न येतात. खर्च किती आणि किती दिवस? आम्ही तिसरा विचारायला सांगतो : मुलाचं वजन डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं का? दाताच्या दवाखान्यात वजनकाटा कशाला, म्हणून बाया हसतात. पण संबंध आहे.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर असतो आणि तिथून जबड्याच्या हाडापर्यंत बारीक धाग्यांचं जाळं असतं. तारेचा दाब पडला की एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, तसा दात सरकतो. या सगळ्यात मुळाची राखण सिमेंटम बनवणाऱ्या पेशी करतात. दाब फार झाला, या पेशी कमी पडल्या, तर मुळाचं टोक झिजतं. आखूड झालेलं मूळ पुन्हा वाढत नाही.

आता चरबी. ती नुसती साठून राहत नाही, रक्तात हार्मोन सोडते. त्यातलं लेप्टिन १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं. ॲडिपोनेक्टिन हे दुसरं हार्मोन मात्र कमी होतं, आणि सूज आवरणारं तर तेच. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर दोन्हींचा परिणाम दिसला आहे. ॲडिपोनेक्टिन सिमेंटमच्या पेशींना हातभार लावतं. लेप्टिन जास्त झालं की धाग्यांच्या पेशी सूज वाढवणारी द्रव्यं सोडतात. अर्थात बशीतल्या पेशी म्हणजे पोराचं तोंड नव्हे.

तोंडातलं पाहायचं तर लंडनचा अभ्यास आहे, २०१७ साली प्रसिद्ध झालेला, तार लावलेल्या किशोरवयीन मुलांचा. लठ्ठ मुलांचे दात सुरुवातीला जास्त वेगाने सरकले. पण ओळीत यायला एकूण वेळ सारखाच लागला. तेव्हा जाड पोराची तार लवकर निघते असं कोणी म्हटलं तर मानू नका. आणि जाड आहे म्हणून तार नाहीच, असं सांगून मुलीला परत पाठवणं हेही शास्त्र नव्हे. वस्तीतली जाडी बहुतेक वेळा पाच रुपयांच्या पाकिटांची आणि मैदान नसल्याची असते. त्याची लाज पोरांनी का बाळगावी?

करायचं काय? वजन सांगा. घरात शुगर, थायरॉईड असेल, दाताला पूर्वी मार लागला असेल, तेही सांगा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी तो इलाज, मग तार. ठरलेली तारीख चुकवू नका. मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय, नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय, इथे खाजगीपेक्षा कमी खर्चात तार लागते. रांग मोठी असते, सकाळी लवकर जावं.

तार लावण्याआधी मुळांचा एक्स-रे काढायला लावा. साधारण सहा महिन्यांनी पुढच्या दातांचा पुन्हा काढायचा का, ते डॉक्टरांना विचारा. पहिली फिल्म पिशवीत जपून ठेवा. दुसरी तिच्या शेजारी धरली तरच मूळ आखूड होतंय का ते डॉक्टरांना कळतं, आणि वेळीच कळलं तर ते काही महिने दाब थांबवू शकतात.