पाषाणची रायफल, भोसरीचा डोळा

शिस्त म्हटलं की आपल्याला शाळेची रांग आणि घड्याळ आठवतं. हा शब्द फारसीतून आला तो मात्र नेमाचा अर्थ घेऊन. आपल्या लष्करात गोळीबार शिकवणारे उस्ताद आजही जवानाला ‘शिस्त लो’ असंच सांगतात. ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली आहे त्यांना पॉइंट टू-टूची ती रायफल आणि छातीखालची चटई आठवत असेल. मागची खाच, पुढचं टोक आणि लांबचं लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणायची. डोळा एका वेळी एकाच अंतरावरचं स्पष्ट पाहू शकतो, हीच यातली मेख. टोकावर नजर ठेवली की लक्ष्य धूसर होतं आणि लक्ष्यावर ठेवली की टोक विरतं. चाळिशी लागलेल्या सुभेदाराला तर खाचच नीट दिसत नाही.

रायफलीवरची दुर्बीण पहिल्यांदा हा पेच सोडवते. तिच्यात लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची रेघ एकाच प्रतलात येतात, डोळ्याला पळापळ करावी लागत नाही. वस्तू चौपट मोठी दिसते हा फायदा त्यानंतरचा. दुर्बिणीबद्दल लिहिणारे बहुतेक जण मोठेपणावरच थांबतात, म्हणून हे आधी सांगितलं.

या दुर्बिणीच्या जन्मकथेत आपल्याकडचा एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात डेव्हिडसन नावाचा एक अधिकारी होता. पुणे ही याच लष्कराची मोठी छावणी. या डेव्हिडसनने रायफलीवर बसवायची दुर्बीण तयार केली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांनी ती इंग्लंडहून आलेल्या व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगाला बसवून वापरली. नळी अरुंद, प्रकाश थोडा, आणि गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने नेम हलायचा. तरी कल्पना रुजली.

तिचं खरं मोल कळलं पहिल्या महायुद्धात. फ्रान्सच्या खंदकांत जर्मनांकडे गोएर्झ आणि त्साइसच्या दुर्बिणी लावलेल्या रायफली होत्या. खंदकाच्या कडेवर डोकं दिसलं की गोळी यायची. १९१४-१५ साली त्या चिखलात उभे असलेले हिंदी शिपाईही त्यांच्या माऱ्याखाली होते. ब्रिटनकडे शूर माणसं होती, कारखाने होते, भिंगांची उत्तम काच मात्र नव्हती. ती येनाहून, म्हणजे शत्रूच्याच गावाहून यायची. ॲबे, शॉट आणि त्साइस या तिघांनी काचेच्या रसायनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून जी आघाडी घेतली होती, ती युद्ध पेटल्यावर घाईघाईने भरून काढता येण्यासारखी नव्हती. हेस्केथ-प्रिचर्ड या शिकारी लेखकाने खटपट करून दुर्बिणी जमवल्या आणि १९१६ साली फ्रान्समध्ये नेमबाजीची शाळा उभी केली. दुर्बीण नुसती वाटून उपयोग नाही, ती झिरो करायला, म्हणजे गोळी आणि रेघ जुळवून घ्यायला शिकवावं लागतं, हे त्याने वरिष्ठांच्या गळी उतरवलं.

दुसऱ्या महायुद्धात रशियाने पीयू ही साडेतीन पट दाखवणारी छोटी, दणकट दुर्बीण मोठ्या संख्येने बनवली. ब्रिटिशांनी ली-एनफिल्ड नंबर चारवर तीनपट दाखवणारी नंबर ३२ बसवली. फिनलंडचा नेमबाज सिमो हायहा मात्र उघड्या शिस्तीनेच, म्हणजे नुसत्या खाच-टोकाने लढला. दुर्बिणीसाठी डोकं थोडं वर काढावं लागतं, आणि तिच्या काचेवर ऊन चमकलं तर जागा उघडी पडते. या यंत्राची किंमत कधी कधी अशीही मोजावी लागते.

१९६३ साली सोव्हिएत सैन्यात ड्रॅगुनोव्ह आली. ही रायफल आपल्या जवानांच्याही चांगल्या परिचयाची आहे. तिच्यावरच्या पीएसओ-१ दुर्बिणीत चारपट दिसतं आणि कोपऱ्यात एक वळणदार रेघ असते. उभ्या माणसाची उंची १.७ मीटर धरून त्याला त्या रेघेत बसवलं की अंतर कळतं. हे सारं गणित नुसत्या काचेवर कोरलेलं. भिंगाचा व्यास २४ मिलिमीटर, त्याला चारने भागलं की ६. एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत पोचतो, आणि अंधारात माणसाची बाहुली साधारण सात मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणून संधिप्रकाशात ही दुर्बीण साथ देते. पट वाढवत नेले आणि भिंग तेवढंच ठेवलं तर चित्र मोठं दिसेल, पण काळवंडेल.

इथवर दुर्बीण निवडक नेमबाजांची होती. ती साध्या शिपायाच्या हाती देण्याचं धाडस ऑस्ट्रियाने केलं. १९७७ साली तिथल्या सैन्याने श्टायर रायफल स्वीकारली. तिच्या उचलायच्या मुठीतच स्वारोव्स्कीची दीडपट दाखवणारी दुर्बीण घडवलेली होती. आत एक वर्तुळ, आणि तीनशे मीटरवरचा माणूस त्या वर्तुळात बरोबर मावतो. थोड्या महिन्यांसाठी सैन्यात येणाऱ्या पोरांना नेम शिकवायला याहून सोपं काय असेल? रायफल आणि तिचा डोळा एकाच आराखड्यात जन्मले, म्हणून मला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वाटतो. पुढे ब्रिटनने चारपट सुसॅट आणि कॅनडाने ३.४ पट एल्कन या दुर्बिणी आपल्या शिपायांना दिल्या. अमेरिकेच्या मरीन सैनिकांनी इराकच्या लढाईत चारपट एकॉग सर्रास वापरली. समोरच्याच्या हातात बंदूक आहे की फावडं, हे गोळी झाडण्याआधी कळणं या युद्धांत फार मोलाचं ठरलं. या दुर्बिणीचं समर्थन करायचं तर मी याच मुद्द्यावर करेन.

आता पुण्याकडे. १९५८ साली स्थापन झालेली एआरडीई ही शस्त्रसंशोधन संस्था पाषाणला आहे. इन्सास रायफलीचा आराखडा इथला. ५.५६ मिलिमीटरची ही रायफल १९९० च्या दशकाच्या अखेरीस जवानांच्या हाती आली आणि १९९९ साली कारगिलच्या कड्यांवर गेली. तिच्यावर दुर्बीण बसवायची सोय होती, पण बहुसंख्य जवान उघड्या शिस्तीनेच लढले. ऑस्ट्रियाचा धडा तोवर वीस वर्षांचा झाला होता.

वाईट याचं वाटतं, की डोळा बनवणारे हात याच शहरात होते. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा पुण्यातला कारखाना १९७९ साली सुरू झाला तोच रात्री पाहण्याच्या नळ्यांसाठी, आणि तोही पाषाणलाच आहे. पुढे १९९० साली डच कंपनीच्या भागीदारीत दुसरी कंपनी निघाली. ती भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत रात्रीच्या दुर्बिणींत बसणाऱ्या इमेज इंटेन्सिफायर नळ्या बनवते. चांदण्यांचा क्षीण उजेड नळीच्या तोंडाशी असलेल्या थरावर पडतो आणि तिथून इलेक्ट्रॉन सुटतात. केसाहून बारीक अशा लाखो छिद्रांच्या चकतीतून जाताना ते हजारो पटींनी वाढतात आणि पडद्यावर हिरवं चित्र उमटवतात. काम अत्यंत नाजूक, धुळीचा कणही चालत नाही. शेजारी मोटारींचे सुटे भाग घडवणारी भोसरी, आणि तिथेच ही निर्वात नळ्यांची दुनिया. नव्या पिढीच्या नळीचं तंत्रज्ञान फ्रान्सच्या फोटोनिसकडून घ्यावं लागलं, हेही खरं. काचेच्या बाबतीत कोलकात्याच्या काच संशोधन संस्थेने आणि दुर्बिणींच्या बाबतीत डेहराडूनच्या कारखान्यांनी आपला भार उचलला. सुट्या सुट्या जागी सगळं होतं.

२०१९ साली आपण अमेरिकेकडून ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या. त्यांच्यावरच्या रात्रीच्या दुर्बिणींसाठी ६५९.४७ कोटी रुपयांचा करार ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांशी झाला. रायफल आधी, डोळा सहा वर्षांनी. दरम्यान २०२२ साली अमेरिकेने नव्या रायफलीबरोबरच तिची दुर्बीणही निवडली. एकपासून आठपटीपर्यंत दाखवणारी ही दुर्बीण लेसरने अंतर मोजते आणि गोळी किती खाली येईल याचा हिशेब काचेवर दाखवते.

जानेवारी २०२४ मध्ये पाषाणच्या संस्थेने हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर ‘उग्रम’ ही ७.६२ मिलिमीटरची रायफल पुढे आणली. वजन चार किलोच्या आत, मारा पाचशे मीटरचा. या काळातल्या रायफलींच्या माथ्यावर दुर्बीण अडकवायची पट्टी असते, आणि त्या पट्टीवर काय बसवायचं हे नंतर ठरवता येतं. पाचशे मीटरवरचा माणूस उघड्या शिस्तीच्या टोकामागे जवळजवळ झाकून जातो. त्यामुळे तो निर्णय नंतरवर टाकू नये. पाषाणच्या आराखडाकारांनी, भोसरीच्या नळी बनवणाऱ्यांनी आणि डेहराडूनच्या भिंगवाल्यांनी पुढच्या रायफलीसाठी पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी बसावं, आणि संरक्षण खात्याने रायफल व दुर्बीण यांची मागणी एकाच कागदावर काढावी.